टाकीतलं तेल उतरेना

लिफ्टच्या दारावर चिकटवलेला कागद: ‘तेल अजून घेतलेलं नाही. भाव उतरला की घेऊ. रोज विचारू नये. – सेक्रेटरी.’ त्याखाली पेन्सिलीने, दुसऱ्याच अक्षरात: ‘मग कुणाला विचारायचं? शेखला?’

*

फरचे बोटभर तुकडे एकमेकांना असे जोडायचे की सांधा डोळ्याला दिसता कामा नये. बोटाला लागला तर चालतो. कोट घालणारी बाई बोट फिरवून बघत नाही.

*

तळ्याच्या काठाला होडी बर्फात अडकली आहे. तिच्यात एक पाणकोंबडी बसली आहे, भाडं भरून राहिल्यासारखी.

*

रेडिएटरवर चमच्याचे तीन ठोके म्हणजे: पेटवा. पाच ठोके म्हणजे: पेटवा, नाहीतर वर येतो.

*

“आज काय?”
“एक अठ्ठावीस.”
“बरं.”

*

वीस लिटर तेल साधारण सतरा किलो भरतं. रिकाम्या कॅनचा किलो वेगळा.

*

हे सगळं कास्तोरिया या तळ्याकाठच्या गावातल्या एकाच इमारतीचं आहे. तळ्याच्या वर, चढावर, चार मजली, आठ बिऱ्हाडांची. आठांतल्या तिघांनी सामायिक बॉयलरशी कधीच काडीमोड घेतला. त्यांच्या बाल्कनीच्या काचेला भोक पाडून पत्र्याचं धुराडं बाहेर काढलेलं आहे आणि घरात लाकडाची शेगडी. उरलेली पाच बिऱ्हाडं अजून तळघरातल्या तेलाच्या टाकीवर जीव धरून आहेत. त्या पाचांची सेक्रेटरी दोम्ना. वय त्रेसष्ट, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, बोटं अजून सुईसारखी सरळ.

एकतीस वर्षं ती फरच्या कारखान्यात तुकडे शिवत होती. कुठलं कातडं कुठे लावायचं, कोट केवढ्याला विकायचा, कारखाना कधी बंद करायचा, यातलं काही तिला कधी कुणी विचारलं नाही. शेवटचं तर तिला बंद दारावरच्या कुलपानेच सांगितलं. म्हणून ऑक्टोबरच्या सभेत, जिन्याखाली सगळे उभे असताना, कोण होतं सेक्रेटरी असा प्रश्न आला आणि सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले, तेव्हा दोम्नाने हात वर केला. तेवढ्यावर थांबली असती तर ही गोष्ट झालीच नसती. पण हात वर असतानाच तिच्या तोंडून निघून गेलं, “आणि ऐकून ठेवा, एक वीसच्या वर मी एक थेंब घेणार नाही.”

कुणी मागितलं नव्हतं. पण शब्द सुटला होता, आणि पाच घरांनी ऐकला होता.

तो सुटला त्याला कारण आदला हिवाळा. तेव्हा सेक्रेटरी होता पहिल्या मजल्यावरचा स्तेर्गिओस, एकाहत्तर वर्षांचा, त्याच कारखान्यात कातडी कापणारा. त्याने हिवाळ्याच्या तेलाची विक्री सुरू झाली त्याच दिवशी, पंधरा ऑक्टोबरला, लिटरला एक चौतीसने, म्हणजे एक युरो चौतीस सेंटने, टाकी भरली. तीन आठवड्यांत भाव एक सतरावर आला. मग काय विचारता. जिन्यात भेटेल तो त्याला बाजाराचं ज्ञान विचारी. आणि ‘शेख’ हे नाव ठेवलं ते दोम्नाने. “काय शेखसाहेब, विहिरी कशा आहेत?” असं ती एकदाच म्हणाली, पण नाव असं बसलं की पोस्टमनसुद्धा पेन्शनीचा कागद देताना “शेख, सही” म्हणायला लागला. स्तेर्गिओस हसायचा. हसून वर जायचा. या सभेत त्याने तळघराची किल्ली खिशातून काढून दोम्नाच्या हातात ठेवली आणि म्हणाला, “एक वीस. बरं. तुझ्या तोंडात साखर पडो.”

पाच घरांचे दोन-दोनशे युरो. हजार. दोम्नाने ते शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली ठेवले.

*

१० डिसेंबर. काठी: १९. भाव: एक अठ्ठावीस.

रोज सकाळी कॉफीचा कप विसळून ठेवला की दोम्ना तळघरात उतरायची, टाकीचं झाकण काढून मोजकाठी आत सोडायची. लाल तेलाची रेघ कुठवर आली ते बघायचं, काठी फडक्याने पुसायची, आकडा वहीत लिहायचा. एकोणीस सेंटिमीटर. त्यातले खालचे आठ म्हणजे निव्वळ गाळ. तो बर्नरमध्ये ओढला गेला की बर्नर खोकून बंद पडतो आणि मिस्त्री दीडशे घेतो. राहिले अकरा. एक सेंटिमीटर म्हणजे वीस लिटर. बर्नर तासाला दहा पितो. संध्याकाळी सात ते आठ असा एक तास पेटवायचा, म्हणजे एक सेंटिमीटर दोन दिवस जाणार. बावीस दिवस. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी टाकी आठावर येईल, आणि तोवर भाव उतरलेला असेल. हिशेब इतका सुबक बसला की दोम्नाने वही मिटताना तिच्यावर हात फिरवला.

मग वर येऊन तेलवाल्या पांदेलिसला फोन. “आज काय?” तो आकडा सांगायचा, ती “बरं” म्हणायची. सुरुवातीला पांदेलिस हवापाण्याचंही बोलायचा. पुढे त्याने ते सोडून दिलं.

*

मधल्या काळात लोकांनी काय काय केलं:

दोम्नाच्या समोर राहणारी थोमाई ओव्हनमध्ये काहीतरी भाजायची आणि झालं की ओव्हनचं दार उघडं टाकून त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसायची. “केक करते आठवड्यातून तीनदा,” ती म्हणायची. “वजन वाढलं. तेही उबेलाच येतं.”

दुसऱ्या मजल्यावर लाझारोस आणि मालामा हे नवरा-बायको चार महिन्यांच्या बाळाला घेऊन एकाच खोलीत राहायला लागले. बाकीच्या खोल्यांची दारं बंद, दारांच्या फटींत टॉवेल.

स्तेर्गिओस घरात टोपी घालून बसायचा.

दोम्नाने स्वतःच्या खोलीतला रेडिएटर बंदच ठेवला होता. सेक्रेटरीने आधी सोसावं, असं तिला वाटायचं. कुणाला ते माहीत नव्हतं, आणि तिने सांगितलंही नाही. शिवायला बसली की दर दहा टाक्यांनी बोटं काखेत धरायची.

*

२२ डिसेंबर. काठी: १६. भाव: एक सव्वीस.

काठी तेरा दाखवायला हवी होती. दोम्नाने ती पुसली, पुन्हा सोडली. सोळा. टाकीच्या दुसऱ्या कोपऱ्यात सोडून पाहिली. सोळा.

ती बॉयलरकडे वळली. मग तिच्या लक्षात आलं. ऑक्टोबरमध्ये तिने मिस्त्रीकडून बर्नरचं नोझल बदलून घेतलं होतं. पस्तीस युरो. थोमाईने त्यावर आठ दिवस तोंड वाजवलं होतं. तेच नोझल आता तेल वाचवत होतं. दुसरं काय असणार?

जिना चढताना दोम्नाचे गुडघे दुखले नाहीत.

“थोमाई! उघड दार. सोळा!”

“काय सोळा?”

“सेंटिमीटर. तेरा असायला हवे होते. तुझे पस्तीस युरो बोलतायत.”

थोमाई ओव्हनसमोरून न उठताच म्हणाली, “नोझल नाही गं ते. सहा तारखेला मी संत निकोलाओससमोर मेणबत्ती लावली होती. मोठी.”

“संताला काय, आपल्या टाकीशिवाय उद्योग नाही?”

“तू मिस्त्रीला मान दे, मी संताला देते. तेल मिळालं म्हणजे झालं. केक खा.”

आता टाकीत तीन सेंटिमीटर जास्तीचे आहेत, म्हणजे एक तासाचे दोन तास करावेत, असं कुणाच्याही मनात आलं असतं. दोम्नाच्याही आलं. पण लगेच दुसरा विचार आला आणि पहिल्याच्या छातीवर बसला: तीन सेंटिमीटर म्हणजे सहा दिवस. आणखी सहा दिवस थांबता येईल. भाव दोन सेंटांनी उतरलाच आहे. सहा राहिलेत.

दुपारी मालामा बाळाला अंगाशी बांधून वर आली. “किरा दोम्ना, सकाळी अर्धाच तास पेटवाल का? याला अंघोळ घालायचीय. आठ दिवस नुसता पुसून काढतेय.”

“थोडं थांब पोरी. सहा सेंटांचा प्रश्न आहे.”

“बाळाला सेंट कळत नाहीत हो.”

दोम्ना आत गेली आणि तिने पेटीतून एक पांघरूण काढून आणलं. मिंकच्या शेपट्यांच्या तुकड्यांचं, कारखान्यात फेकायला काढलेले तुकडे दोन वर्षं जमवून शिवलेलं. तिच्याकडे याहून भारी काही नव्हतं. “घे. याच्यात गुंडाळ त्याला. राजे लोक झोपत असतील असल्यात.”

दुसऱ्या दिवशी मालामाने ते नीट घडी घालून परत आणलं. केसांनी बाळ शिंकतं, म्हणाली. आभार मात्र दोनदा मानले.

*

२ जानेवारी. काठी: साडेतेरा. भाव: एक चोवीस.

एक चोवीस! पांदेलिसने आकडा सांगितला तेव्हा दोम्ना खुर्चीवरून उठली. “बरं” म्हणायचंही विसरली. चारच सेंट राहिले होते. आणि टाकी, जी काल आठावर यायची होती, ती साडेतेरावर निवांत बसली होती. दोम्नाला आयुष्यात प्रथमच असं वाटलं की जगातली मोठी माणसं, जी कुठेतरी बसून तेलाचे भाव ठरवतात, ती आणि आपण समोरासमोर पटावर बसलो आहोत, आणि खेळी आपली आहे.

दारावर टकटक झाली. स्तेर्गिओस. डोक्यावर टोपी, हातात बशी, बशीत वर्षारंभाच्या केकचा तुकडा.

“वर्ष चांगलं जावो, किरा दोम्ना.”

“तुम्हालाही, बार्बा. या ना आत.” किरा म्हणजे बाई, बार्बा म्हणजे काका; शेजाऱ्यांत एवढा मान असतोच.

“आत नको.” तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. “एक चोवीस झालंय म्हणे.”

“झालंय.”

“घेऊन टाक.”

दोम्नाने बशी घेतली. तिला नंतर किती वेळा वाटलं की तिथेच थांबावं, नुसतं ‘बघते’ म्हणावं. पण जीभ सवयीने पुढे गेली. “शेखसाहेब सांगतायत म्हणजे भाव नक्की पडणार!”

समोरच्या दाराआडून थोमाई खुदकन हसली.

स्तेर्गिओसने टोपी जरा खाली ओढली. “मी आपलं बोललो,” म्हणाला, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेला. दोम्नाने केक खाल्ला. या केकमध्ये शकुनाचं एक नाणं घालून भाजतात; तिच्या तुकड्यात ते निघालं नाही. दर वर्षी कुणाच्या तरी तुकड्यात निघतं.

*

७ जानेवारी. काठी: १३. भाव: एक सत्तावीस.

रागुत्सारियाचा दुसरा दिवस. हे तीन दिवस गावात कुणी घरात बसत नाही. आजोबाच्या फाटक्या कोटापासून आजीच्या झग्यापर्यंत हाताला येईल ते अंगावर चढवायचं, तोंडावर मुखवटा, आणि कर्णे-ढोलांच्या मागे तळ्यापर्यंत नाचत जायचं. बाप पोराला ओळखत नाही, आणि ओळखलंच तर न ओळखल्यासारखं करतो. नाचून घाम येतो. त्या वर्षी लोक जरा जास्तच नाचले.

दोम्ना बाल्कनीत उभी होती. तीन सेंट चढल्याचा तिने फार बाऊ केला नव्हता. चढतं ते उतरतंच. शिवाय काठी. पाच दिवसांत जेमतेम अर्धा सेंटिमीटर. नोझलला तिने मनातल्या मनात नमस्कारच केला होता.

खालून वाजंत्री गेली. तिच्या शेपटाला एक सोंग रेंगाळत चाललं होतं: उलटा घातलेला फरचा कोट, अस्तर बाहेर, तोंडावर पुठ्ठ्याचं अस्वल, खांद्यावर वीस लिटरचा कॅन. वजनाने एका बाजूला कललेलं. बाकीचे वळणावर तळ्याकडे गेले, हे मात्र इमारतीच्या मागच्या अंगाला वळलं.

“अरे ए अस्वला!” दोम्ना ओरडली. “वाइन आहे की त्सिपुरो? घोटभर आम्हालाही ठेव की!”

अस्वलाने मान वर केली. मोकळा हात छातीवर ठेवून वाकून मुजरा केला.

“आणि मागे भिंतीशी घाण करू नकोस, सांगून ठेवते! काल एक करून गेलाय!”

अस्वलाने मान हलवली आणि दिसेनासं झालं. दोम्ना हसत आत आली. एवढा मोठा कॅन एकटाच पिणार, मेला.

(भाव एक एकोणीस झाला, पण तो वीस फेब्रुवारीला. सात जानेवारीला हे कुणालाच माहीत नव्हतं, भाव ठरवणाऱ्यांनाही नाही.)

*

१२ जानेवारी. काठी: साडेअकरा. भाव: एक तेहतीस.

बाहेर उणे पंधरा. स्वयंपाकघरातल्या खिडकीला आतून बर्फाची नक्षी.

“एक तेहतीस,” पांदेलिस म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी आणखी एक वाक्य बोलला. “किरा दोम्ना, उद्या हिमवर्षाव सांगितलाय. तुमचा चढ एकदा गोठला की आठवडाभर माझा टँकर वर येणार नाही. आज घ्यायचं तर घ्या.”

“टाकीत साडेअकरा आहे.”

“असेल.”

“उद्या बघते.”

“उद्या मीही नुसतं बघूच शकेन.”

तिने फोन ठेवला. हजार भागिले एक पूर्णांक तेहतीस तिला तोंडपाठ होतं: सातशे एक्कावन्न. एक वीसने आठशे तेहतीस आले असते. ब्याऐंशी लिटर. रोज एक तास धरला तर आठ दिवसांची ऊब. या आठ दिवसांसाठी ती तेहतीस दिवस थांबली होती, हे तिने आजवर कधी असं एका ओळीत मांडलं नव्हतं. मांडल्यावर ती ओळ फारशी बरी दिसेना. तिने ती तिथेच सोडून दिली.

दुसऱ्या मजल्यावरून बाळाचा खोकला आला. भिंतीतून नव्हे, पाइपातून. रेडिएटरचा पाइप इमारतीत वरपासून खालपर्यंत एकच आहे. त्यातून ऊब एक तास येते आणि आवाज चोवीस तास.

आणि मग वास आला. तेलाचा. आधी तिला वाटलं, आपल्याच हाताचा. पण जिन्यात आली तर वास वर चढत होता, दाट, डोळ्यांत पाणी आणणारा. टाकी फुटली, या एकाच विचाराने ती तीन मजले उतरली. लिफ्टचं तिला सुचलंच नाही.

तळघराच्या पायऱ्यांवर स्तेर्गिओस बसला होता. एक पाय लांब, एक मुडपलेला. खालच्या पायरीवर आडवा कॅन, आणि कॅनच्या तोंडापासून बॉयलरच्या दारापर्यंत लालभडक ओघळ. त्याच्या विजारीचे पायही लाल. अंगात उलटा घातलेला फरचा कोट.

“माय मरियम! बार्बा! काय झालं?”

“बसलोय जरा.”

“पडलात?”

“बूट गुळगुळीत आहेत.”

“आणि हा कॅन कसला?”

स्तेर्गिओसने तिच्याकडे पाहिलं. “वाइनचा,” तो म्हणाला.

दोम्नाची नजर कोटाच्या अस्तरावर गेली आणि तिथेच राहिली. मग ती त्याच्या शेजारच्या पायरीवर बसली, तेलात, स्कर्टची पर्वा न करता.

“किती?”

“हा दहावा. पण हा सांडला. नऊच धर.”

नऊ कॅन. नऊ सेंटिमीटर. तिने डोळे मिटले आणि वहीतले सगळे आकडे तिच्यासमोर एकेक करून आपापल्या खऱ्या जागी जाऊन बसले. तेरा. आठ. अडीच. नोझलने एक थेंबही वाचवला नव्हता. टाकी एक जानेवारीलाच गाळाला लागली असती.

“का पण?”

“लाझारोसचं पोर खोकतं. माझ्या डोक्यावरच पाळणा आहे त्याचा.” तो गुडघा चोळत होता. “म्हटलं, टाकी आटली तर हे पोर काय करेल? तू दोन-चार दिवसांत घेशीलच. तोवर एक कॅन टाकू. तळघराची दुसरी किल्ली माझ्याकडे राहिलीच होती. सरकारने ऊबभत्ता दिला होता, तो होताच. मग म्हटलं आणखी एक. तू काही घेईनास.”

“घेईनास! अहो, मी घेत नव्हते कारण तेल संपत नव्हतं! रोज सकाळी काठी सांगायची, थांब, अजून आहे, थांब. तुम्ही ओतत होतात म्हणून मी थांबत होते!”

“आणि तू थांबत होतीस म्हणून मी ओतत होतो.”

आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही. पण ते हसू फार टिकलं नाही. स्तेर्गिओसचा पाय दुखत होता.

“मला सांगायचं तरी, बार्बा.”

“सांगितलं की. दोन तारखेला. केक घेऊन आलो होतो.”

दोम्नाने त्याच्या बुटाची नाडी सोडली. घोटा सुजून भाकरीसारखा झाला होता. तिने डोक्याचा रुमाल काढला, घोट्याला आवळून बांधला, गाठ नेहमीसारखी सफाईने मारली.

“मी तेव्हा जे बोलले ना...” ती गाठीकडे बघत म्हणाली.

“बोलतात माणसं.”

“सगळी नव्हती बोलत. मी सुरू केलं.”

“नाव तसं वाईट नाहीये,” स्तेर्गिओस म्हणाला. “पोस्टमन उठून उभा राहतो.”

मग तिने जिन्यातून वर तोंड करून अशी हाक मारली की चारही मजल्यांची दारं उघडली. शेगडीवाल्या तीन बिऱ्हाडांतून राखेच्या बादल्या आल्या. ज्यांचा या तेलाशी संबंध नव्हता त्यांनीच सांडलेलं तेल राखेने टिपून काढलं. लाझारोसने स्तेर्गिओसला पाठुंगळी घेऊन त्याच्या घरी नेलं. थोमाई नाकाला रुमाल लावून विचारत होती, “म्हणजे संत निकोलाओस नव्हते?”

“नव्हते.”

“मेणबत्ती तीन युरोंची होती गं.”

दोम्नाने पांदेलिसला फोन लावला. या वेळी भाव विचारलाच नाही. “ये. आत्ता.”

“किती टाकू?”

“हजार युरोंचं जेवढं येईल तेवढं.”

टँकर दीड वाजता आला, चाकांना साखळ्या बांधून, दोनदा मागे घसरून. होज तळघरात गेली. दोम्नाने काठी आधी सोडली आणि नंतरही सोडली. तेहतीस दिवस तिने काठीचं म्हणणं खरं मानलं होतं, आज टँकरवाल्यासमोर तीनदा मोजलं. एकोणपन्नास. सातशे एक्कावन्न लिटर बरोबर भरले.

मग ती कागद घेऊन स्तेर्गिओसच्या स्वयंपाकघरात गेली. तो पाय खुर्चीवर ठेवून बसला होता, मालामाने दिलेली गोठवलेल्या मटारांची पिशवी घोट्यावर.

“वाचते, ऐका. ‘तेल आज घेतलं. एक तेहतीसने. दोन तारखेला एक चोवीसने मिळत होतं, मी घेतलं नाही. डिसेंबरपासून टाकीत आलेले १८० लिटर स्तेर्गिओस यांनी स्वतःच्या पैशाने आणलेले आहेत. त्याचे पैसे पाच घरांनी वाटून त्यांना परत द्यायचे.’ आणि खाली माझं नाव.”

“ते माझ्या पैशांचं काढ. एक चोवीसचंही काढ. फाडून खातील तुला.”

“खाऊ देत.”

“थोमाई तुला उन्हाळ्यापर्यंत सोडणार नाही.”

“थोमाईला मी चाळीस वर्षं ओळखते. ती मला तशीही सोडत नाही.”

“आणि माझं लिहिलंस तर ते मला आता काय म्हणतील माहितेय? संत. त्यापेक्षा...” त्याने घोट्यावरची मटारांची पिशवी सरकवली. खिडकीबाहेर बर्फाचे पहिले कण पडायला लागले होते. “बरं, लाव जा. सरळ लाव. तुझे कागद नेहमी तिरके असतात.”

तिने तो लिफ्टवर लावला. सरळ. वाचणारे वाचत राहिले. कुणी पेन्सिल काढली की नाही हे बघायला ती थांबली नाही. तळघरात गेली. सात वाजायला अजून तीन तास होते. तिने बॉयलरच्या घड्याळाची चकती चारवर आणली, बंद होण्याची वेळ आठवर नेली. चार तास. दोन सेंटिमीटर. हिशेब आपोआप झाला. तो करायचा थांबवणं तिला जमलं नाही. बटण दाबलं. बर्नर एकदा खाकरला आणि पेटला.

वर जाताना दुसऱ्या मजल्यावर मालामाचं दार किलकिलं होतं. आत टबात पाणी ओतल्याचा आवाज येत होता आणि बाळ त्या पाण्यावर तळवे आपटत ओरडत होतं. दोम्ना दारात क्षणभर उभी राहिली. मग आपल्या घरात गेली, आणि सबंध हिवाळ्यात पहिल्यांदा स्वतःच्या खोलीतला रेडिएटर उघडला. आधी तो गार होता, मग पाइपात खडखड झाली, मग कोमट, मग हात ठेववेना इतका गरम. तरी तिने हात ठेवला.

१९८६ सालच्या जानेवारीत, फरचे कारखाने जोरात असताना, हा बॉयलर दिवसरात्र चालू असे, आणि दुसऱ्या मजल्यावरची माणसं खिडक्या उघड्या टाकून बनियनवर पत्ते खेळत.